शून्यावर न संपणारी बेरीज

सोलापुरात भर मे महिन्यात स्वेटर घालून कामाला बसणारी माणसं आम्ही पाचजण होतो. बाहेर डांबर वितळायचं, गिरणीच्या पत्र्याखाली कामगार घामाने निथळायचे आणि आम्ही थंड खोलीत हात चोळत बसायचो. हा थंडावा आमच्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. आमच्या गिरणीने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात संगणक घेतला, तेव्हा तो पाहायला मोहोळ-बार्शीहून ओळखीपाळखीची माणसं यायची. चपला बाहेर काढून, हात जोडून काचेतून बघायची आणि हळूच विचारायची, "बाई, ह्यो चुकत न्हाई म्हनं?" मी ऐटीत सांगायचे, नाही चुकत.

त्या उत्तराचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला, म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची मोहोळची. गणित घेऊन बी. एस्सी. झाले आणि गिरणीत कार्डं पंच करायला लागले. जाड कागदाचं वीतभर लांबीचंही नसलेलं कार्ड, त्याला टाइपरायटरसारख्या यंत्राने भोकं पाडायची, ती भोकं म्हणजे माहिती. दोन वर्षांत मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. आमच्या विभागाचे प्रमुख होनराव साहेब. शिस्तीचे, अबोल, आणि मशीन घ्यावं म्हणून मालकांच्या मागे त्यांनीच लकडा लावलेला असल्यामुळे मशीनच्या बाबतीत थोडे हळवे. त्यांनी मला पहिलं मोठं काम दिलं ते हजेरीचं.

हजेरी अशी चालायची. प्रत्येक कामगाराचं एक कार्ड, त्यावर त्याचा बिल्ला नंबर. माणूस कामावर आला की टाइम ऑफिसातला कारकून त्याचं कार्ड खणातून बाहेर काढी. पाळीची सगळी कार्डं खात्यांप्रमाणे, नंबरांप्रमाणे लावून गठ्ठा आमच्याकडे येई. मशीन तो वाची आणि हजर माणसांची यादी छापून देई, खाली एकूण बेरीज. आठवड्याची यादी प्रत्येक खात्यात फळ्यावर लागे. पूर्वी कारकून ही कार्डं हाताने मोजायचे. मशीन आल्यावर ते बंद झालं. तेवढ्यासाठीच तर मशीन आणलं होतं.

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी. मी लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला थेट हुकूम देत नसे. मधे एक मोठा प्रोग्रॅम असे, मशीन बनवणाऱ्या कंपनीने मशीनबरोबर दिलेला. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. खात्यातल्या जॉबरसारखंच, म्हणजे मुकादमासारखंच त्याचं काम. कार्डं आत घ्यायची, त्यांवरची माहिती मशीनमधल्या चुंबकीय चकतीवर उतरवून ठेवायची, कुणाचं काम आधी, कुणाचं मागून ते ठरवायचं, छापायचं यंत्र कुणाला द्यायचं ते बघायचं. आमच्यासारख्यांनी त्याच्यावर विसंबून राहायचं. त्याच्या पोटात काय आहे ते कंपनीलाच माहीत.

त्या जॉबरच्या काही खोडी होत्या. तारीख टाइप करताना आधी चुकून एक जागा मोकळी सुटली तर तो गप्प होऊन बसे, मग सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागे. मी कंपनीला कळवलं. उत्तर आलं, जागा मोकळी सोडू नका. एवढंच. मला त्याची गंमत वाटली. दर तीन-चार महिन्यांनी कंपनीकडून टपालाने ज्ञात दोषांची यादी येई. या यादीत जे असेल तो दोष. जे नसेल ते ग्राहकाचं अज्ञान. मी मात्र एका वहीत प्रत्येक खोड टिपून ठेवायला लागले. तक्रार म्हणून नाही. आत काय चाललं असेल याचं मला अनावर कुतूहल होतं.

अशातच एक दिवस नरसव्वा आली.

नरसव्वा वाइंडिंग खात्यात, म्हणजे बॉबिनवर सूत गुंडाळायच्या खात्यात, बदली कामगार होती. म्हणजे कायम माणूस आला नाही की त्याच्या जागी काम करायचं. बदलीवर ठरावीक दिवस भरले की कायम होण्याचा हक्क मिळे, म्हणून बदलीवाल्यांना एकेक हजेरी जिवाभावाची. घरी ती तेलुगू बोले, आमच्याशी सोलापुरी मराठी. चाळिशीची, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. बरोबर तिच्या खात्याचा सिद्राम जॉबर होता. त्यानेच सांगितलं, की हिचं नाव महिन्यातून दोन-तीन वेळा यादीत येत नाही. ती म्हणते आले होते. टाइम ऑफिसवाले म्हणतात, मशीन सांगतं ते खरं.

नरसव्वा म्हणाली, "मी त्या दिशी हितंच हुते की, बाई. सिद्रामला इचारा."

सिद्रामला नक्की आठवत नव्हतं. त्याच्या हाताखाली रोज शंभरावर बायका. तो म्हणाला, आली असंल, पन शपथेवर सांगता यायचं न्हाई.

मी तिला काय सांगितलं? मशीन चुकत नाही, असं सांगितलं. तुमचंच कार्ड टाइम ऑफिसात राहून गेलं असेल, तिकडे विचारा. ती पदर सारखा करून निघून गेली. तिसऱ्या दिवशी एकटीच परत आली, हातात गुंडाळी केलेलं तेलुगू कॅलेंडर घेऊन. कामावर आलेल्या प्रत्येक दिवसावर तिने कुंकवाचा टिपका लावला होता. म्हणाली, हे वर्षभराचं आहे, तुमच्या कागदाशी लावून बघा. टिपका लावल्याशिवाय ती रात्रीची भाकरी खात नसे, हेही तिने सांगितलं.

ते कॅलेंडर मी ठेवून घेतलं. खरं सांगायचं तर तिच्यावर विश्वास बसला म्हणून नाही. एखादी बाई न आलेल्या दिवसावर टिपका का लावेल, आणि लावायचाच तर सगळीकडे का लावणार नाही, हे मला कळेना.

सगळ्यात आधी मी माझ्यावरच संशय घेतला. हजेरीचा प्रोग्रॅम माझा. आठवडाभर मी त्याची ओळन् ओळ वाचली, कागदावर हाताने चालवून पाहिली. चूक सापडली नाही. मग वाटलं, कार्डं चिकटत असतील. आमच्याकडची हवा कोरडी, दोन कार्डं एकमेकांना धरून बसायची, शिवाय रुईचे तंतू कुठूनही आत यायचे. पण कार्डं चिकटली तर आज हिचं, उद्या त्याचं नाव गळायला हवं. सारखी नरसव्वाच का?

मग मी जुन्या छापील याद्या काढल्या आणि टिपका असूनही नाव नसलेले दिवस एका कागदावर उतरवले. वार वेगळे होते. ऑपरेटर वेगळे होते. कधी वीज नीट होती, कधी नव्हती. कशातच काही जुळेना. शेवटी निव्वळ दुसरं काही सुचेना म्हणून मी प्रत्येक दिवसाच्या खालची बेरीज लिहायला लागले. चारशे एकोणचाळीस. तीनशे एकोणनव्वद. चारशे नऊ. चारशे एकोणतीस. सगळ्या नऊवर संपत होत्या.

मी सगळ्या याद्या पसरल्या आणि नुसत्या बेरजा वाचत गेले. एकावर संपणाऱ्या होत्या, दोनावर होत्या, सातावर होत्या. नऊवर संपणाऱ्या इतरांच्या दुपटीने होत्या. आणि शून्यावर संपणारी एकही नव्हती. वर्षभरात एकाही दिवशी, एकाही पाळीला, चारशे दहा किंवा तीनशे ऐंशी माणसं आमच्या गिरणीत कामाला आली नव्हती.

मग उलगडत गेलं. ऑपरेटिंग सिस्टीम कार्डं वाचून दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी चकतीवर ठेवत असणार. एकूण कार्डं बरोबर दहाच्या पटीत आली, की शेवटचा गठ्ठा काठोकाठ भरे आणि तो बंद करताना त्यातलं शेवटचं कार्ड हरवे. एखादं जास्तीचं कार्ड असेल तर काही बिघडत नसे. आणि आमच्या गठ्ठ्यात शेवटी असायचं वाइंडिंग खातं, त्यात शेवटी बदलीवाले, त्यात सगळ्यात वरचा नंबर सगळ्यात नव्या माणसाचा, म्हणजे नरसव्वाचा. तिच्यानंतर भरती बंद होती. नरसव्वा आली नाही तर तिच्या आधीचं नाव शेवटचं होई आणि तेच गळे, पण नरसव्वा सहसा न येणारी नव्हती. न चुकता येत होती म्हणूनच गैरहजर तीच लागत होती.

माझा प्रोग्रॅम बाजूला ठेवून मी कंपनीचाच एक साधा प्रोग्रॅम चालवून पाहिला, कार्डं जशीच्या तशी कागदावर छापणारा. वीस कार्डं घातली. एकोणीस छापली. आता यात माझा काहीच हात नव्हता.

होनराव साहेबांना दाखवलं. त्यांनी तीनदा करून पाहायला लावलं, मग खुर्चीत बसले. म्हणाले, "हे खाली कुणाला बोलू नका. आधी कंपनीला लिहू." त्यांची भीती मला कळत होती. मशीन त्यांच्या शब्दावर आलं होतं.

कंपनीचं पत्र पंधरवड्याने आलं. ही सिस्टीम अनेक ठिकाणी समाधानकारक चालू असून अशी तक्रार अन्य कोणाकडूनही आलेली नाही. आपला प्रोग्रॅम व कार्डांची स्थिती तपासावी. आम्ही पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच आलं. तिसऱ्या पत्रानंतर त्यांनी पुण्याहून सबनीस नावाचा इंजिनियर पाठवला.

सबनीस तिशीतला, हसतमुख, कामात वाकबगार. आल्याबरोबर त्याने बॅगेतून तपासणीच्या कार्डांचा स्वतःचा गठ्ठा काढला, चालवला, सगळं बरोबर आलं. कागद फाडून मला देत म्हणाला, बघा, एकही कमी नाही. मी विचारलं, तुमच्या गठ्ठ्यात कार्डं किती आहेत? त्याला माहीत नव्हतं. तीन वर्षं तो तोच गठ्ठा घेऊन गावोगाव हिंडत होता आणि त्याने तो कधी मोजला नव्हता. आम्ही दोघांनी मिळून मोजला. एकशे त्रेपन्न. मी वरची तीन कार्डं काढून बाजूला ठेवली आणि म्हटलं, आता चालवा.

एकशे एकोणपन्नास आली.

तो हसायचा थांबला. दुपारभर त्याने जेवणाचंही नाव काढलं नाही. कार्डं कमी करी, वाढवी, माझ्या कागदावर आकडे मांडी. मलाही भूक राहिली नव्हती. एखादं कोडं दोघांनी मिळून सोडवावं तसे आम्ही बसलो होतो, आणि ते तास माझ्या नोकरीतले फार आनंदाचे तास होते हे मला कबूल केलं पाहिजे. त्या वेळी नरसव्वाची आठवणही मला नव्हती.

संध्याकाळी त्याने भेटीचा अहवाल लिहून होनराव साहेबांपुढे ठेवला. यंत्र तपासले. दोष आढळला नाही.

मी म्हटलं, अहो, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत.

तो खाली बघून म्हणाला, "पाहिलं. पण यादीत नसलेला दोष मला लिहिता येत नाही. आणि तो यादीत घालणारे माझ्या फार वर बसतात. यादीत घातला तर सगळ्यांना कळवावं लागेल." जाताना दारात थांबून त्याने विचारलं, तुम्हाला हे सापडलं कसं? मी कुंकवाच्या टिपक्यांचं सांगितलं.

कंपनी कबूल करो न करो, रोजची हजेरी तर नीट व्हायला हवी होती. मी एक युक्ती केली. गठ्ठ्याच्या शेवटी एक खोटं कार्ड लावायचं. गळायचं झालं तर ते गळेल. त्याला नंबर दिला नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. फक्त यादीतून ते वगळायचं प्रोग्रॅमला सांगायला मी विसरले. आठवड्याने सिद्राम जॉबर जिना चढून आला आणि गंभीरपणे म्हणाला, "बाई, माझ्या खात्यात ह्यो नवा गडी कोन? हजेरी लई चांगली हाय त्याची. पन मी अजून त्याचं तोंड न्हाई बघितलं."

त्याला सगळं सांगावं लागलं. सिद्रामला सांगितलं म्हणजे खात्याला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या लेबर ऑफिसर साहेबांनी होनराव साहेबांना विचारलं, की मशीन बायकांची नावं खातं म्हणतात ते काय आहे?

साहेबांनी मला बोलावून विचारलं, लेबर ऑफिसरना समजेल असं दाखवता येईल का? मी म्हटलं, दहा कार्डांत दाखवते. तेव्हा त्यांनी स्वतःच सगळ्यांना वर बोलावलं. लेबर ऑफिसर, सिद्राम आणि नरसव्वा. नरसव्वा पहिल्यांदाच काचेच्या आत आली. गारठ्याने तिने पदर अंगभर घेतला. मी वाइंडिंगच्या बायकांची दहा कार्डं तिच्या हातात दिली, सगळ्यात शेवटी तिचं, आणि म्हटलं, मोजा. तिने ओकटी, रेंडु, मूडु करत तेलुगूत मोठ्याने मोजली. लेबर ऑफिसरनीही मोजली. मग तिच्याच हातांनी मी ती मशीनमध्ये ठेवायला लावली. छापील कागद बाहेर आला. नऊ नावं. मी एक कार्ड वाढवलं, अकरा आली. एक काढलं, पुन्हा नऊ.

लेबर ऑफिसर चष्मा पुसत राहिले. नरसव्वाने विचारलं, मग माझंच नाव का? मी सांगितलं, तुमचा नंबर शेवटी आहे म्हणून.

"म्हंजी जो शेवटी हुबा ऱ्हाईल त्याला गाळती व्हय ही मशीन," ती म्हणाली. रागाने नाही. तिला ते समजलं होतं, इतकंच.

लेबर ऑफिसर म्हणाले, ठीक आहे, पण मला कागद हवा. कंपनीने लिहून द्यावं की मशीनचा दोष आहे. मला सबनीसचा अहवाल आठवला. तेव्हा होनराव साहेब पुढे झाले. "कंपनी लिहून देणार नाही. मी देतो. या विभागाचा प्रमुख मी आहे." आणि त्यांनी तिथेच बसून लिहून दिलं. पुढच्या महिन्यात त्यांना वरून खरमरीत मेमो आला. तो त्यांनी मला दाखवला नाही, पण मला कळलं.

तरी गोष्ट पुरी सरळ झाली नाही. लेबर ऑफिसर म्हणाले, ज्या दिवसांची मूळ कार्डं दाखवाल ते दिवस धरतो. कॅलेंडर आणि नऊवर संपणाऱ्या बेरजा मला चालणार नाहीत. मी खूप समजावलं. ते ऐकून घेत, मान डोलवत, आणि म्हणत, बाई, मला पटतंय, पण फायलीला पटत नाही. गठ्ठे आम्ही तीन महिने ठेवायचो. त्याआधीची कार्डं रद्दीत गेली होती, आणि रद्दीत देण्याच्या दर कागदावर सही माझी होती. नरसव्वा माझ्याकडे पहिल्यांदा आली, त्याच्या पुढच्या आठवड्यातही मी अशी एक सही केली होती. त्या गठ्ठ्यांत तिचे निदान पाच दिवस होते.

तीन महिन्यांचे दिवस तिला परत मिळाले. बाकीचे गेले. कायम होण्याला लागणारे दिवस थोडक्यात कमी पडले आणि त्या वर्षी तिला कायम करता आलं नाही. ती पुढल्या वर्षी झाली. मी तिच्याकडे जाऊन सांगितलं, की कार्डं माझ्या सहीने गेली. हे सांगायला मला फार दिवस लागले. ती बॉबिनवर तुटलेला धागा जोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "समद्यांनी मला सांगितलं, तू खोटं बोलतीस. तुमी बी आदी तेच सांगितलं. पन मंग तुमी मोजून बगितलं की." मग तिने मला तिथून बाजूला व्हायला सांगितलं, कारण मी उजेड अडवत होते.

दीड वर्षाने कंपनीकडून सिस्टीमची नवी आवृत्ती आली. सोबत दुरुस्त केलेल्या दोषांची लांबलचक यादी होती. मी ती दोनदा वाचली. आमचा दोष तिच्यात नव्हता. मी दहा कार्डं घातली. दहा छापली. वीस घातली, वीस आली. जो दोष कधी नव्हताच, तो कुणीतरी गुपचूप काढून टाकला होता. होनराव साहेबांना सांगितलं, तर ते कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसले. खोटं कार्ड मात्र मी काढलं नाही. मशीन भंगारात जाईपर्यंत ते गठ्ठ्याच्या शेवटी राहिलं.

गिरणीची नोकरी सुटल्यावर मी पुण्याला संगणक शिकवायला लागले. तिथे एका कार्यशाळेत सबनीस भेटला. केस पांढरे झाले होते. कंपनी त्याने केव्हाच सोडली होती. चहा घेताना त्याने आपण होऊन विषय काढला. म्हणाला, तुमच्याकडून परत गेल्यावर मी कचेरीतल्या जुन्या फायली चाळल्या. हीच तक्रार आणखी चार गावांहून आली होती. एक साखर कारखाना होता, एक इस्पितळ होतं, बाकीच्या दोन कचेऱ्या. चौघांनाही आम्ही तेच पत्र पाठवलं होतं, की अशी तक्रार अन्य कोणाकडूनही आलेली नाही. पत्राचा मसुदासुद्धा एकच, फक्त वरचं नाव बदललेलं.

माझ्या मनात एकच प्रश्न आला आणि तो मी विचारला. त्या इस्पितळाच्या यादीत शेवटी कोण असायचं?

तो म्हणाला, ते फायलीत नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.